गाडी अंगणात उभी, विमा चालू की बंद?

ताईंनो, मिरची तोडायला तेलंगणात माणसं गेली की आपल्याकडे कितीतरी घरी मोटरसायकल महिना-दोन महिने अंगणात उभी असते. पोरगा नागपूर-पुण्याला कामाला लागला, तर वर्षभरही. तेवढ्यात विम्याची तारीख येते आणि घरात बोलणं होतं, "गाडी चालतच नाही, तर पैसे कशाला भरायचे?" विचारणं बरोबरच आहे. पण उत्तर देण्याआधी गाडीचा विम्याचा कागद पेटीतून काढा आणि त्यावरच्या तारखा बघा.

तारखा म्हटलं, कारण बहुतेक नव्या गाडीच्या कागदावर दोन असतात. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी विकताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. म्हणून शोरूमवाला सांगतो, "पाच वर्षं काळजी नाही." पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं, कोणी दगावलं, तर त्याची भरपाई. आपली गाडी चोरीला गेली, जळली, पुरात बुडाली, तर त्यातून रुपयाही मिळत नाही. त्यासाठी गाडीच्या नुकसानीचा वेगळा भाग असतो आणि तो बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो गुपचूप संपतो, आणि आपण समजतो विमा आहे.

आता उभी गाडी बघा. चोरी, आग, पूर हे तर उभ्या गाडीलाही होतं. पर्लकोटेचं पाणी भामरागडच्या बाजारात शिरलेलं आपण 2019 च्या पावसाळ्यात पाहिलं. मालक गावात नसला, की गाडी उंचावर हलवायलाही कोणी नसतं. म्हणजे उभ्या गाडीला नुकसानीच्या भागाची गरज असते, आणि लोक बंद करतात तोच भाग.

थर्ड पार्टीचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावर गाडी वापरायला तो लागतोच. नसला तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड 4,000. घराच्या अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीला दंड नाही, हे खरं. पण गाडी खरंच उभी राहते का? रात्री शेजारी कोणाला कळा सुरू झाल्या, हेमलकसाच्या दवाखान्यात न्यायचं आहे, चावी मागितली तर आपण नाही म्हणणार? म्हणूही नये. पण त्या वाटेवर कोणाला धडक बसली आणि विमा संपलेला असला, तर भरपाईचा दावा गाडीच्या मालकावरही येतो, तो वारंगलला मिरचीच्या शेतात असला तरी. माणूस दगावल्याची भरपाई लाखांत जाते. 75 ते 150 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टीचा 2022 साली ठरलेला वर्षाचा दर 714 रुपये, वर कर. चावी देताना लायसन आहे का तेवढं विचारा. लायसन नसलेल्याने अपघात केला, तर कंपनी भरपाई देऊनही ती मालकाकडून वसूल करू शकते.

नुकसानीचा भाग सगळ्यांनी घ्यावा असं मी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांची गाडी असेल तर तिची विम्यातली किंमतच इतकी घटलेली असते की थर्ड पार्टी पुरे. पण गाडी गटाच्या किंवा बँकेच्या कर्जावर घेतली असेल, तर हप्ते फिटेपर्यंत तो भाग सोडू नका. गाडी गेली तरी हप्ता थांबत नाही, आणि तो बचतीतून भरावा लागतो. शिवाय एकही दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत, तारीख संपून 90 दिवस झाले की बुडते. पुन्हा विमा काढताना गाडीची तपासणीही होते.

बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात तो विमा माणसाच्या अपघाताचा आहे. गाडीशी त्याचा संबंध नाही. बैठकीत हा गोंधळ फार होतो.

ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी एजंटाला विचारावं, किलोमीटरप्रमाणे पैसे घेणारी पॉलिसी आहे का. 2022 पासून कंपन्यांना ती द्यायची परवानगी आहे. सवलत नुकसानीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही.

माणूस गावाला निघण्याआधी दोन्ही चाव्या कुठे आहेत ते बघा. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एक पोराच्या खिशात परगावी असली तर अडचण होते. आरसी आणि पॉलिसीचा फोटो घरच्या मोबाईलमध्ये ठेवा. चोरी झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तिची प्रत घ्या आणि कंपनीला फोन करा. गाडी पुरात बुडाली तर पाणी ओसरल्यावर किक मारून बघू नका. इंजिनात पाणी असताना चालू केलं की ते आणखी बिघडतं, आणि असं बिघडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, मग मिस्त्रीला बोलवा.