पुंगळीच्या बुडावरचा आकडा

प्रश्न : चांदीपच्या आमच्या जुन्या घराची कौले उतरवली तेव्हा माळ्यावर एक पितळी पुंगळी सापडली. माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, वर मान बारीक झालेली. सासूबाई म्हणाल्या, आजेसासरे त्यात सुया ठेवायचे आणि तोंडात बुचाऐवजी चिंधी कोंबायचे. तरुणपणी ते जव्हारकडे साहेबलोकांच्या हाक्याला जात, एवढेच घरात माहीत आहे. बुडावर इंग्रजीत ‘कायनॉक’ आणि ‘४६५’ असे दिसते. हे कसले काडतूस? एवढे दांडगे काडतूस कोणत्या जनावराला लागायचे? आणि ते घरात ठेवलेले चालते का?
— एक वाचक, चांदीप

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यावरच तुमची झोप अडली असेल. बुडाच्या मधोमध एक वाटोळी टोपी दिसेल. तिला खोलगट टोचा पडलेला असेल तर तो बार केव्हाच उडून गेला आहे. तसेही सुया राहत होत्या म्हणजे आत दारू नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात, पुन्हा जोडून वापरायचा हेतू नसलेल्या अशा किरकोळ सुट्या भागांना सूट आहे. तेव्हा सुया खुशाल ठेवा. मात्र माळ्यावर आणखी एखादी सापडली आणि तिच्या तोंडाशी गोळी बसलेली असली, तर चिंच लावून घासायला बसू नका. जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा. जुने काडतूस दिसते तेवढे मेलेले नसते.

आता आकडा. आपल्याकडे ‘बाराबोर’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यातला बारा म्हणजे एक पौंड शिशातून नळीच्या मापाचे बारा गोळे निघतात तो. म्हणून आठबोर बाराबोरपेक्षा जाड, आणि चारबोर तर जवळपास तोफच. रायफलचा हिशेब उलटा आहे. तिथे ४६५ म्हणजे इंचाचे हजारावे भाग, आकडा वाढला की गोळी जाड. गंमत म्हणजे या काडतुसाची गोळी ४६५ नसून ४६८ हजारांश इंचाची असते, म्हणजे ११.९ मिलिमीटर. घराचे काम चालूच आहे तर सुताराकडून बारा मिलिमीटरची साधी सळई घेऊन मानेशी धरून बघा, जाडीचा अंदाज येईल. बंदूकवाल्यांचे आकडे साडीच्या दुकानातल्या ‘फिक्स रेट’सारखे असतात. खरे, पण अगदीच खरे नव्हेत.

पूर्ण नाव ‘५००/४६५ नायट्रो एक्स्प्रेस’. ५०० मापाच्या पुंगळीची मान आवळून ४६५ केली, म्हणून दोन आकडे. काढले लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने. कायनॉक ही बर्मिंगहॅमची काडतुसे भरणारी कंपनी. ‘एक्स्प्रेस’ हा शब्द खरेच आगगाडीवरून आला. पर्डी या कारागिराने १८५६ मध्ये आपल्या वेगवान रायफलला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असे नाव दिले होते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावून तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

पण तुमच्या पुंगळीचा जन्म कोणत्याही जनावरामुळे झालेला नाही, तो कायद्यामुळे झाला. १८९८ मध्ये रिग्बी या कारागिराने ४५० नायट्रो एक्स्प्रेस काढले आणि मोठ्या शिकारीचा प्रश्न तसा सुटलाच होता. हत्ती, गवा, सगळ्यांना ते पुरेसे होते. मात्र सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे लष्करातून फुटलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्यांचे माप ५७७/४५०. शिकारीच्या काडतुसातली ४५०ची गोळी उपसून त्यांत भरता येईल या धास्तीने १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थान आणि सुदानसाठी ४५० मापाच्या काडतुसांवर आयातबंदी घातली. शिकारी अडले, कारागिरांचे गिऱ्हाईक अडले. मग प्रत्येकाने थोडेसे सरकवून आपापला आकडा काढला. कोणी ४७०, कोणी ४७५, कोणी ४७६, आणि हॉलंडने त्याच वर्षी ४६५. जनावराच्या दृष्टीने या सगळ्यांत काडीचा फरक नाही. पुढे जाडजूड पुस्तकांत ४६५ बरे की ४७० बरे यावर पानेच्या पाने लिहिली गेली, तेव्हा हे मूळ लक्षात ठेवलेले बरे.

पुंगळी एवढी लांब का, याचे कारण आपल्या हवेत आहे. आत कॉर्डाइट नावाची शेवयांसारखी दारू असे. वैशाखातल्या उन्हात काडतुसांचा पट्टा तापला की ती जास्त जोराने पेटते, दाब वाढतो आणि रिकामी पुंगळी नळीत फसते. समोर जखमी जनावर आणि नळीत फसलेली पुंगळी, यापेक्षा वाईट वेळ शिकाऱ्यावर येत नसे. म्हणून मोकळी, ऐसपैस पुंगळी घेऊन दाब मुद्दाम कमी ठेवत. बुडाला बाहेर आलेली कडा आहे ना, ती धरून दुनळी रायफल पुंगळी वर ढकलते. दुनळीच का, तर दोन नळ्या, दोन चाप, दुसरा बार लगेच. मध्ये काही मागेपुढे ओढावे लागत नाही.

ताकद किती? ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने निघे. जोराच्या हिशेबात हे लष्करी ३०३ च्या दुपटीहून जास्त होते. तेवढाच हिसका मागेही येतो. पाच किलोची रायफल धरली तर गणिताने ती ताशी एकोणीस-वीस किलोमीटर वेगाने खांद्यावर आदळते. मी एनसीसीच्या कॅम्पात ३०३ चालवून दोन दिवस डाव्या हाताने जेवलो होतो, तेव्हा या गणितावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मग एवढे कशाला हवे? वाघाला नको होते. वाघ दोनशे किलोच्या आसपासचा, कातडी पातळ. बिबट्या तर त्याच्या निम्माही नाही. तुमच्या शेजारच्या तुंगारेश्वरच्या रानात आज जो काही बिबट्या हिंडतो, त्याच्यावर ४६५ म्हणजे डासावर जाते उगारणे. आपल्या राज्यात या काडतुसाच्या तोलाचा प्राणी म्हणजे मुख्यतः गवा. थोराड नर हजार किलोच्या घरात जातो, खांद्यावर स्नायूंची भिंत असते. तिच्यातून आत पोचायला टोक न पसरणारी ‘सॉलिड’ गोळी लागे. वाघाला पसरणारी ‘सॉफ्ट’. जाणता शिकारी बोरइतकाच या निवडीचा विचार करी. गव्यांचे दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानाची राखीव शिकार होती, १९५८ मध्ये त्याचे अभयारण्य झाले.

दांडग्या बोरची खरी गरज होती ती जनावराला नव्हे, नेम चुकणाऱ्याला, असे माझे मत आहे. स्कॉटलंडचा बेल नावाचा शिकारी आफ्रिकेत हजारावर हत्ती मारून गेला, त्यांतले पुष्कळसे सात मिलिमीटरच्या बारीक गोळीने. जिम कॉर्बेटनेही रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये २७५ रिग्बीने मारला, म्हणजे त्याच मापाने. बेलला हत्तीचा मेंदू कवटीत नेमका कुठे असतो ते ठाऊक होते, त्यासाठी त्याने कवट्या करवतीने चिरून पाहिल्या होत्या. सुट्टीवर आलेल्या साहेबाला एवढा अभ्यास कुठला! त्याला जाड गोळी म्हणजे विमा. आफ्रिकेत अनेक देशांत आजही मोठ्या, अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी कायद्यानेच किमान ३७५चे माप ठरवले आहे. तेही विम्यासारखेच.

आपल्याकडे मात्र ही निवड संपली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही परवान्याची थोडी फट होती, ती १९९१च्या दुरुस्तीने बुजली. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. अनुसूची एकमधल्या जनावराला आधी पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही याचीही खात्री पटावी लागते. १९०७ची सावली मात्र अजून आहे. लष्कराचे माप सामान्यांना नको या जुन्या तत्त्वामुळेच ३०३ ऐवजी ३१५ची रायफल परवानाधारकांना मिळत आली. जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ दिसले तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे.

आणि माप कोणतेही असो, डोळा चुकला की संपले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या रानात, डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीत डुक्कर समजून आपल्याच माणसावर गोळी झाडली गेली.

तुमचे आजेसासरे हाक्याला जात, हे वाचून मी थोडा थांबलो. हाक्यात रायफलवाला मचाणावर किंवा नाक्यावर बसतो. हाकारे डबे वाजवत, काठ्या आपटत रानातून जनावर त्याच्याकडे रेटतात. पहिला बार ओझरता लागला तर जनावर पुढे जात नाही, उलटून हाकाऱ्यांच्या रांगेवर येते. दुसऱ्या नळीतला ४६५ साहेबापेक्षा त्यांच्याच जास्त उपयोगाचा होता, आणि तो नीट लागेल की नाही हे त्यांच्या हातात नव्हते. ती पुंगळी आजेसासऱ्यांनी उचलून घरी आणली, सुयांसाठी म्हणून असेल. टोपीवर टोचा आहे का ते पाहून कळवा.