पानातून रोप, रोपातून फूल

ब्रह्मकमळ तुम्ही पाहिलं असेल. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास ते उमलतं. मोठं, पांढरंशुभ्र फूल! वास सगळ्या अंगणात पसरतो. आळीतली माणसं बघायला येतात. सकाळी मात्र ते मान टाकतं.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. ते निवडुंगाच्या जातीचं आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते उत्तराखंडाचं राज्यफूल आहे.

आमच्या शेजारी एक आजी राहत. त्यांनी आम्हांला ब्रह्मकमळाचं एक पान दिलं. म्हणाल्या, "गुरुजी, जपा हो याला." पान रुजलं, छान वाढलं. पुढं आजी वारल्या. त्यांची आठवण म्हणून आम्ही झाडाला जास्तच जपू लागलो. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. महिन्याभरात झाडाचं बूड मऊ पडलं. कुजका वास येऊ लागला. आता नवं पान मागायचं कुणाकडं?

चूक आमचीच होती. ब्रह्मकमळ, कोरफड, पानफुटी ही झाडं अंगातच पाणी साठवून ठेवतात. त्यांचं पान म्हणजे भरलेला रांजणच. वर आणखी पाणी ओतलं, तर मुळांना हवा मिळत नाही. मुळं कुजतात. ही झाडं तहानेनं क्वचित मरतात, पाण्यानं फार मरतात.

मग आम्ही काय केलं? वरचा एक चांगला, हिरवा तुकडा कापून घेतला. तो वीतभर लांब होता. लगेच लावला नाही. चार दिवस सावलीत ठेवला. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरली. ओली जखम मातीत गेली तर तुकडा कुजतो. म्हणून थांबायचं.

कुंडी घेतली. तिच्या बुडाला भोक होतं. भोकावर खापरीचा तुकडा ठेवला. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग कुजलेलं शेणखत असं मिसळून भरलं. तुकडा दोन बोटं खोल खोचला. थोडंच पाणी शिंपडलं. सुमारे महिन्यानं मुळं धरली. तिसऱ्या वर्षी फूल आलं. आजींच्या घरची माणसं ते बघायला आली.

पाणी कधी घालावं? मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर घाला. पावसाळ्यात कुंडीत पागोळ्या पडू देऊ नका. ब्रह्मकमळाला सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारच्या उन्हात पानं करपतात. पानांवर कापसासारखे पांढरे किडे दिसले, तर ते पिठ्या ढेकूण समजा. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढा.

पानफुटी तर आणखी सोपी. तिचं पान ओलसर मातीवर नुसतं ठेवा. पानाच्या कडेला जिथं खाचा असतात, तिथून लहान रोपं फुटतात. पुढं तिला लोंबत्या घंटांसारखी फुलं येतात. पण सांभाळा! पानफुटी गुरांना विषारी आहे. गोठ्याजवळ लावू नका.

कोरफडीच्या बुडाशी पिल्लं येतात. ती मुळांसकट अलगद काढून दुसरीकडं लावा. तिला ऊन मानवतं.

या झाडांना पैसे लागत नाहीत. कुणाकडून तरी एक पान मागून आणायचं. आपलं झाड वाढलं की दुसऱ्याला द्यायचं. आमच्या आळीत आता पाच घरी आजींचं ब्रह्मकमळ आहे.

लक्षात ठेवा :
१. कापलेला तुकडा सुकवून मगच लावा.
२. कुंडीला भोक हवंच.
३. आधी बोट घालून बघा, मग पाणी द्या.

करून पाहा : पानफुटीचं एक पान ओल्या मातीवर ठेवा. रोपं किती दिवसांनी फुटली, ते वहीत लिहा.