गोठ्यातली जमीन कोरडी दिसली तर

आमच्या हळ्ळीखेडात खच्ची बोकड दगावला की कारणं ठरलेली असतात. गॅस धरला, काहीतरी खाल्लं, नाहीतर नजर लागली. लघवी तुंबून मेला असं कुणी म्हणत नाही, कारण तेवढं बघायला कुणी थांबतच नाही. आमचा बोकड लघवी तुंबूनच गेला. हे मी पहिल्या सकाळपासून सांगत होते आणि घरात, गोठ्यात, गल्लीत कुणीही ऐकून घेतलं नाही. निदान दुसऱ्या कुणाचं जनावर तरी वाचावं म्हणून लिहिते आहे.

बोकड उस्मानाबादी, काळा कुळकुळीत, कान लांब लोंबते. आई बाळंतपणात गेली म्हणून बाटलीवर वाढवलेला. दोन महिन्यांचा असताना त्याला खच्ची केलं. चिमटा लावणारा माणूस तोच, ज्याच्याबद्दल पुढे सांगणार आहे. नाव घेत नाही. गावोगाव मोटारसायकलवर फिरतो, बॅगेत इंजेक्शनं असतात, लोक डॉक्टर म्हणतात. पदवी कुठली, ते मी कधी पाहिलं नाही.

बकरी ईदेच्या आधी दोन-तीन महिने आमच्याकडे बोकडांना भरडा सुरू होतो. आमचा विकायचा नव्हता, पण भाऊजींनी त्यालाही त्याच खुराकावर घेतलं. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, वर ज्वारी. "अंगानं भरला पाहिजे," एवढंच. पाला कमी झाला, कारण पाला आणायला माणूस लागतो आणि कोंडा पोत्यात तयार असतो.

त्या सकाळी मी झाडायला गेले तर खुंट्याजवळची जमीन कोरडी. लेंड्या पडलेल्या, पण ओल नाही. रोज तिथे राख टाकावी लागते इतकं ओलं असतं. बोकड पाय ताणून उभा होता, शेपटी सारखी हलवत होता, कण्हल्यासारखा आवाज काढत होता. मागच्या पायानं पोटाला लाथ मारायचा. मी वाकून बघितलं. लघवीच्या जागेच्या केसांना पांढरे कण चिकटले होते, रव्यासारखे. बोटांत धरून चोळले तर कचकच लागली.

तोच फिरता माणूस आला. मी कण दाखवले. "माती आहे अक्का, बसतो तिथं लागते." मी म्हटलं, आमच्या गोठ्यातली माती काळी आहे, ही पांढरी कुठून आली? तो हसला. पोटावर टिचकी मारली आणि म्हणाला, गॅस धरलंय, कोंडा जास्त झाला. तेल पाजलं, पुडी दिली आणि गेला. भाऊजी म्हणाले, "त्याला कळत नाही आणि तुला कळतं काय?"

आता हे नीट वाचा, कारण दोन्हींतला फरक घरच्या घरी कळतो. गॅस धरला की डावी भकाळी वर फुगते. हात लावला तर ताणलेली लागते, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते. लघवी अडली की सुरुवातीला भकाळी फुगलेली नसते. जनावर फक्त कुंथत असतं आणि लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे. पण लेंड्या पडत असतात! लेंड्या पडताहेत आणि जमीन कोरडी आहे, म्हणजे बद्धकोष्ठ नाही. शंका असेल तर खाली कोरडं पोतं अंथरा आणि तासा-दोन तासांनी बघा. मी तेच केलं होतं. पोतं संध्याकाळपर्यंत कोरडं होतं. एकदा दोन थेंब पडले, तेही लालसर. ते पोतं मी दाखवायला ठेवलं होतं. कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आता म्हणाला, "मूत अडकलं असंल बघा अक्का. हे इंजेक्शन घ्या, तासाभरात मोकळा होतो." इंजेक्शन टोचलं, रिकामी कुपी तिथेच टाकली आणि गेला. ती कुपी मी उचलून ताकात ठेवली, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात.

दुपारनंतर बोकड शांत झाला. कुंथणं थांबलं, लाथा थांबल्या, शेवग्याची दोन पानं खाल्ली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. भाऊजींनी त्या माणसाला फोन करून सांगितलं. त्याचं बोलणं मला पलीकडून ऐकू येत होतं. बघा, म्हणलं नव्हतं? मी गोठ्यात गेले. पोतं कोरडंच होतं. इंजेक्शननं मोकळा झाला असता तर पोतं भिजून चिंब व्हायला हवं होतं. दुखणं थांबलं, पण लघवी बाहेर आलेली नाही, मग ती गेली कुठे? तो विचार डोक्यात आला आणि माझे हातपाय गार पडले. घरात चहा चालला होता. मी सांगितलं की लघवीची पिशवी फुटली असेल, आत्ता बिदरला नेऊ. "आता बरा झालाय त्याला कशाला हलवतेस," हे उत्तर मिळालं.

सकाळी पोट खालून दोन्ही बाजूंनी उतरलं होतं, हलवलं की आत पाणी डचमळे. तोंडाला लघवीचा वास. मग टेम्पो मिळाला. बिदरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटक राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठही तिथेच नंदीनगरला आहे, ही आपल्या भागातल्या लोकांची केवढी सोय आहे. तरी शेवटी जातो, आधी सगळे उपाय करून. तिथल्या डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाणी काढलं. ती लघवीच होती. मूत्राशय फुटलेला, रक्तात विष चढलेलं. शस्त्रक्रिया करण्याइतकी ताकद उरली नव्हती. मी कुपी दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. लघवी वाढवणारं औषध होतं, फ्रुसेमाइड. वाट बंद असताना लघवी वाढवली की जागा एकच, फुटायची. हे मला त्यांनी सांगितलं, पण कळायला डॉक्टर लागत नाही.

बोकड गेल्यावर मी शवविच्छेदन करायला सांगितलं. भाऊजी नको म्हणत होते. डॉक्टरांनी मूत्रनळीतून काढलेले खडे माझ्या तळहातावर ठेवले, मोहरीएवढे, पांढरट, एकाला एक चिकटलेले. मातीच आहे म्हणणाऱ्याला दाखवायला मी ते कागदात बांधून आणले.

हे का होतं, ते डॉक्टरांकडून आणि नंतर विचारून विचारून मला जे कळलं ते असं. भरडा, कोंडा, ज्वारी यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. जनावर चारा चघळतं तेव्हा लाळ सुटते आणि जादा फॉस्फरस लाळेतून पोटात जाऊन शेणावाटे बाहेर पडतो. भरड्यावर चघळणं कमी, लाळ कमी, मग तो फॉस्फरस लघवीत उतरतो आणि त्याचे खडे होतात. खुराकात कॅल्शियम दोन भाग, फॉस्फरस एक भाग असं प्रमाण हवं. कोंड्यात ते नेमकं उलटं असतं. शेळीला खडे झाले तरी तिची मूत्रनळी आखूड आणि रुंद असल्यामुळे बहुतेक निघून जातात. बोकडाची लांब, अरुंद आणि मध्ये नागमोडी वळण. त्यात लहानपणी खच्ची केलेला असेल तर ती आणखी अरुंद राहते, कारण ती वाढायला नर संप्रेरक लागतं. म्हणून खच्ची करायचंच असेल तर पाच-सहा महिने थांबा. तो माणूस दोन महिन्यांच्या करडाला चिमटा लावून गेला तेव्हा यातलं काही बोलला नव्हता.

अडल्यावर काय करायचं? एक दिवसही वाट बघायची नाही. एक-दोन दिवसांत पिशवी फुटू शकते. लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊ द्यायचं नाही, जबरदस्तीनं पाणी पाजायचं नाही. नळी घालून लघवी काढतो असं कुणी म्हणालं तरी थांबवा. बोकडाच्या मूत्रनळीत वर एक कप्पा असतो, त्यात नळी अडते, मूत्राशयापर्यंत सहसा जात नाही. खरा डॉक्टर आधी बोकडाला ढुंगणावर बसवून लिंगाचं टोक बाहेर काढतो. टोकाला बारीक दोरीसारखा भाग असतो, पुष्कळदा खडा त्यातच अडकतो. तो कापला की धार सुटते. लवकर खच्ची केलेल्यात ते बाहेर काढायलाही त्रास होतो. तेवढ्यानं सुटलं तरी मागे खडे असतातच, पुन्हा अडू शकतं. मग पोटातून मूत्राशयात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया असते. लघवी त्या नळीनं निघते आणि औषधानं खडे विरघळेपर्यंत ती ठेवतात. हे वेळेत झालं तर बोकड वाचतो.

फॉस्फेटचे खडे विरघळवायला अमोनियम क्लोराईड देतात, म्हणजे आपला नवसागर, पण औषधी शुद्धतेचा. साधारण किलोमागे 200 मिलिग्रॅम, 30 किलोच्या बोकडाला रोज 6 ग्रॅम. तरी वजन आणि मूत्रपिंडाची अवस्था बघून किती दिवस द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. दुकानातला नवसागर चमच्यानं पाजू नका. फुटलेल्या मूत्राशयाला त्याचा काही उपयोग नाही.

रोजचं सांगायचं तर पाणी. थंडीत बोकड गार पाणी पीत नाही, कोमट द्या. भांडं रोज घासा, बोकड घाणेरडं पाणी तोंडाला लावत नाही. खुराकात थोडं मीठ घाला म्हणजे पाणी जास्त पितो. कडबा, तुरीची गुळी, बाभळीचा पाला, सुबाभूळ हे मुख्य जेवण आणि भरडा मूठभर. खनिज मिश्रण मिळतं, ते द्या. आणि स्वच्छता ठेवा, हेही सगळे सांगतातच.

माझा भाचा पुण्याला गिनी पिग पाळतो. त्याच्या गिनी पिगलाही लघवीच्या खड्यांनी त्रास झाला, आणि मी माझा अनुभव सांगायला गेले तर गोष्ट वेगळी निघाली. त्यांचे खडे बहुतेक कॅल्शियमचे असतात. म्हणून मोठ्या झालेल्या गिनी पिगला लसूणघास नको, साधं सुकं गवत आणि पाणी भरपूर. लघवी करताना किंचाळला, लघवीत रक्त दिसलं की लगेच न्यायचं. आणि लघवीच्या संसर्गावर माणसांचं अमोक्सिसिलिन तोंडानं दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून तो प्राणी दगावू शकतो. तेव्हा एका प्राण्याचा इलाज दुसऱ्याला लावू नका, माझासुद्धा.

फिरता माणूस टोचेल ते टोचू देऊ नका. कुपीवरचं नाव वाचा, फोटो काढा, रिकामी कुपी ठेवून घ्या. 1962 वर फोन केला तर सरकारी फिरता दवाखाना मिळतो, तो आधी लावा. लागला नाही तर सरळ बिदर. आणि गोठ्यात रोज कोण जातं, त्या बाईचं ऐका.

मी आणलेले खडे त्या माणसाला दाखवले. त्यानं कागद हातात घेतला नाही, गाडी चालू ठेवून म्हणाला, सगळ्यांच्याच पोटात असतात. आठवड्याच्या बाजारादिवशी भाऊजींनी त्याच्या इंजेक्शनचे पैसे दिले. मला विचारलं असतं तर मी दिले नसते.