शेलॅक : झाडाचा डिंक की किडीची राळ?

रिसाली (भिलाई) येथे आम्हांस वारंवार विचारले जाते की, नेलपॉलिश, मस्कारा व हेअरस्प्रे यांतील शेलॅक व्हीगन व्यक्तींस चालेल काय? छत्तीसगड हे प्रमुख लाख-उत्पादक राज्य असल्याने या प्रश्नाचा संबंध शेतकऱ्यांशीही आहे.

शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. केरिया लॅका या किडीची पिले पळस, बोर किंवा कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर स्थिरावतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ स्रवतात. म्हणजे झाड केवळ यजमान आहे, राळ किडीचीच.

काढणीच्या दोन पद्धती आहेत. पिले बाहेर पडल्यानंतर खरवडलेल्या ‘फुंकी’ लाखेत माता आपले आयुष्य संपवून मेलेल्या असतात. पिले निघण्यापूर्वी कापलेल्या ‘अरी’ लाखेत मात्र जिवंत किडी मरतात. बाजारात दोन्ही प्रकार येतात आणि तयार शेलॅकवरून त्यांतील भेद कळत नाही.

तथापि फुंकी लाखही प्राणिजन्यच ठरते. म्हणून शेलॅक व्हीगन नाही. मक्यातील झीन हे प्रथिन काही ठिकाणी त्यास पर्याय ठरते.

उत्पादकांनी ‘नैसर्गिक’ म्हणावे, ‘वनस्पतिजन्य’ म्हणू नये. लाखेमुळे पळस, कुसुम तोडीपासून वाचतात व वनवासी कुटुंबांस रोख उत्पन्न मिळते. ही तिची खरी थोरवी असून तीस खोट्या लेबलाची गरज नाही.