हळूहळू, हळूहळू : गीता ६.२५ आणि बुंदीचा बोगदा



आजचं वाचन आहे भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातला २५वा श्लोक. मन शांत कसं करावं हे सांगताना भगवंत ‘हळूहळू’ या अर्थाचा शब्द लागोपाठ दोनदा वापरतात. एकदा म्हणून भागलं नसतं का? मला याचं उत्तर मिळालं ते मंचरजवळ मामाच्या मळ्यात, सात किलोच्या एका कुत्रीकडून.

तिचं नाव बुंदी. जुन्नर-आंबेगावात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. त्यांची पिल्लंही तिथेच जन्मतात. वस्तीवरचं कुत्रं म्हणजे त्यांच्यासाठी सोपी शिकार. त्यामुळे दिवेलागणीच्या आत जनावरं बंदिस्त करावीच लागतात. मामाने गोठ्याला जाळी मारून घेतलीय आणि बुंदीसाठी खाली छोटंसं दार ठेवलंय. पण बुंदीला अरुंद, अंधाऱ्या जागेची भयंकर भीती. रोज संध्याकाळी मामी तिला उचलून आत टाकायची आणि ती रात्रभर रडायची.

मी पुण्यात अ‍ॅजिलिटी पाहिली होती. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत: उडी, बोगदा, उंच फळी, सी-सॉ. घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून बेतलेला हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. उडीची उंची कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवरून ठरते, म्हणजे लहान कुत्र्यांनाही तो खेळता येतो. म्हटलं, बोगद्यातून जायला शिकली की दाराची भीती आपोआप जाईल. लहान मुलांचा कापडी बोगदा घेऊन मी मळ्यावर पोचले.

पहिल्याच दिवशी चुकले. बुंदी तोंडाशीच बसली, जीभ ओठांवरून फिरवत, शेपूट पोटाशी घेऊन. मला घाई होती. पट्टा पलीकडून घेतला आणि तिला ओढून काढलं. “बघ, काही झालं का?” असंही वर म्हणाले. त्या संध्याकाळी बुंदी घरी आलीच नाही. अंधार पडला, उसाकडून कोल्हे ओरडले आणि मामा बॅटरी घेऊन बांधावरून हाका मारत फिरत होता. तासाभराने ती कडब्याच्या गंजीमागे सापडली. मामाला पाहून धावत आली. मला पाहून थांबली. मामा एवढंच म्हणाला, “ओढून आणलेलं जनावर दाव्यापुरतंच येतं, पोरी.”

दुसऱ्या दिवसापासून पट्टा बाजूला ठेवला. बोगदा दाबून हातभर केला, म्हणजे पलीकडचा उजेड दिसेल. तोंडाशी पनीरचा तुकडा ठेवून मी लांब बसले. तिने नुसतं पाहिलं तरी शाबासकी. मागे फिरावंसं वाटलं तर वाट मोकळी. आवडता खाऊही घेईना, तर समजायचं की भीती फार झाली, एक पायरी मागे जायचं. दोन-तीनदा जमलं की थांबायचं, आणखी एकदा म्हणून ताणायचं नाही. बोगदा रोज थोडासाच लांब केला. फळी आधी जमिनीवर, मग एका विटेवर. सी-सॉचं भय हलण्याचं आणि आपटण्याच्या आवाजाचं असतं, म्हणून फळीखाली गोणपाटाची घडी. (तुमचं कुत्रं आधी करत असलेली गोष्ट अचानक नाकारू लागलं, तर आधी पशुवैद्याला दाखवा. कदाचित ते भीत नसेल, त्याचं काही दुखत असेल.)

मग तो श्लोक उघडला. त्यात ‘हळूहळू’च्या सोबत आणखी एक गोष्ट आहे: धीराने धरलेली बुद्धी. मी तोवर धीर म्हणजे बुंदीने धरायची गोष्ट समजत होते. धीर माझ्यात नव्हता! पहिलं ‘हळूहळू’ शिकणाऱ्यासाठी आणि दुसरं शिकवणाऱ्यासाठी, असं मी आता वाचते. आपलं मन शिकताना तर ही दोन्ही माणसं आपणच असतो. जप करायला बसलो, मन पळालं, की आपण त्याचा पट्टा ओढतो, स्वतःला बोल लावतो. मग दुसऱ्या दिवशी बसावंसंच वाटत नाही. पुढचाच श्लोक म्हणतो, मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणावं. किती वेळा, याचा आकडा भगवंतांनी दिलेला नाही.

परतताना जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला गेले. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. रेड्याच्या पाठीवर फटके मारले आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. तिथे हात जोडले तेव्हा मला वेद आठवले नाहीत, तो ताणलेला पट्टा आठवला. त्याचा वळ माझ्या पाठीवर का उठला नाही?

आता बुंदी बहुतेक संध्याकाळी आपल्या पायांनी त्या छोट्या दारातून आत जाते. बोगदा पूर्ण लांबीचा झालाय. सी-सॉवर मात्र अजून पुढचे दोनच पाय ठेवते. ठेवू दे.

आजचा संकल्प: ज्या गोष्टीची भीती वाटते, तिच्या दिशेने आज एकच छोटं पाऊल टाकू या आणि तिथेच थांबू या. घरात कुणी घाबरत असेल, आजी मोबाइलला, भाऊ परीक्षेला, तर त्याला ओढू नका. पलीकडचा उजेड दिसेल एवढा बोगदा आखूड करा आणि शेजारी बसा.

जय हरी!