अंग बाहेर आलेल्या कोंबडीविषयी भाचीला पत्र

रत्नागिरी,
आषाढ वद्य

चि. बाळ हिस,


फोनवर तू इतकी घाबरली होतीस की मी सांगितलेल्यातलं निम्मंही तुझ्या डोक्यात शिरलं नसेल. म्हणून सगळं लिहून पाठवते. पण ती कोंबडी अजून बाकीच्यांत फिरत असेल तर हे पत्र खाली ठेव आणि आधी तिला उचल. लाल, ओलं काही दिसलं की कोंबड्या चोच मारणारच. एकीने टोचलं की बाकीच्या धावून येतात आणि आतडी ओढून काढीपर्यंत थांबत नाहीत. दुखण्यापेक्षा तिला बहिणींचाच धोका जास्त.

आता हे होतं काय ते समजून घे. अंडं घालताना कोंबडीच्या अंडनळीचं टोक सदऱ्याच्या बाहीसारखं उलटं होऊन थोडं बाहेर येतं. त्यामुळे अंडं शिटेला न लागता स्वच्छ बाहेर पडतं, आणि काही क्षणांत टोक आपोआप आत जातं. तेव्हा अंडं घातल्या-घातल्या मागे लाल काही दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. तासाभरानेही ते लोंबत असेल तर मात्र अंग बाहेर आलंय असं समजायचं. तू पाठवलेल्या फोटोत ते गुलाबी-लाल आणि ओलसर दिसतंय, म्हणजे अजून जिवंत आहे. काळंनिळं, कोरडं पडलेलं, वास मारणारं असतं तर हात लावू नको असंच मी सांगितलं असतं.

जुन्या पंच्यात तिला पंखांसकट गुंडाळ आणि कुणाला तरी धरायला सांग, डोकं किंचित खाली आणि शेपूट वर. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ दे, त्यात चहाचा दीड चमचा मीठ घाल. भोवतालची घाण झालेली पिसं कात्रीने जपून काप आणि त्या पाण्याने अंग धू. चोळायचं नाही, नुसती धार सोडायची. मग पोट हलक्या हाताने चाचपून बघ. आत अंडं अडकल्यासारखं कडक लागलं, तर ते फोडायचा किंवा ओढायचा उद्योग करू नको, सरळ डॉक्टर गाठ. तुटलेल्या कवचाने आतून चिरलं की मग काहीच हाती राहत नाही.

अंडं नसेल तर साखर बारीक करून त्या भागावर जाडसर लाव आणि दहा-पंधरा मिनिटं थांब. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. फुगून बोरासारखं झालेलं अंग तुझ्या डोळ्यांदेखत सुरकुततं, आणि मग आत जायला निम्मी ताकद लागते. पुन्हा धुऊन घे. नखं कापलेली हवीत, हातात मोजा हवा. मोज्यावर खोबरेल लावून बोटाने मधोमध, सावकाश आत दाब. ती कुंथेल तेव्हा थांबायचं, ढिली पडली की पुन्हा दाबायचं. आत गेल्यावर दोन-चार मिनिटं बोट तसंच धरून ठेव. हळद, राख, रॉकेल, डेटॉल यातलं काहीही लावायचं नाही, शेजारच्या काकूंनी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

इथवरचं काम कुणालाही जमतं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. अंग आत गेलं, बरं झालं, म्हणून कोंबडी सोडून देतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंडं घालते, कुंथते, आणि सगळं परत बाहेर. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले २० तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणजे तू अंग आत ढकलत असशील तेव्हा पुढचं अंडं वाटेवर आहेच. ते यायचंच. तेव्हा एकदा पुन्हा बाहेर आलं तर हिरमुसू नको, पुन्हा धू, पुन्हा साखर, पुन्हा आत. पण त्यानंतरची अंडी थांबली पाहिजेत. खरा इलाज तोच.

अंडं थांबवायचं कसं हे गावठी कोंबडीला ठाऊक असतं. पंधराएक अंडी घातली की ती खुडूक बसते: अंधारा कोपरा धरते, जेमतेम खाते आणि अंडी बंद करते. सगळ्या कोंबड्यांची मूळ आजी म्हणजे लाल रानकोंबडी. तीही रानात एका वेळी मोजकीच अंडी घालून उबवायला बसते. तुझी ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत अंड्यांसाठीच तयार झालेली. गावठी जिथे वर्षाला साठ-सत्तर अंडी देते तिथे ही दीडशेच्या वर जाते, कारण खुडूक बसण्याची खोडच तिच्यातून काढून टाकलेली आहे. अंडी भरपूर, विसावा नाही. तो विसावा आता तू तिला द्यायचा. पडवीच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेव आणि वरून जाड गोणपाट टाक, वारा खेळेल एवढी फट ठेवून. दिवसातून चार-पाच तासच उजेड, तेवढ्यात थोडी ज्वारी नाहीतर तांदूळ. पाणी मात्र कमी पडू देऊ नको. अंडी वाढवणारं लेयर खाद्य तेवढे दिवस बंद. आठवडाभर तरी असं ठेवावं लागेल. या दिवसांत माशा फार. डालग्याखालचा पेंढा रोज बदल आणि मागची बाजू रोज बघ, नाहीतर दोन दिवसांत अळ्या पडतात.

दोन-तीनदा आत घालूनही टिकलं नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात ने किंवा १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी कर. डॉक्टर शीट पडेल एवढी जागा ठेवून भोवती टाका घालतात. तो तू घालायला जाऊ नको. घरात उरलेल्या माणसांच्या कॅप्सूलही देऊ नको. डॉक्टरांनी औषध दिलं, तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांनाच विचार. आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धू, हे तुला सांगायला लागू नये.

गटारी तोंडावर आली आहे, तेव्हा ‘कापून टाक’ म्हणणारे भेटतीलच. त्यांचं ऐकायची घाई नको, अंग लाल आणि ओलं आहे तोवर आशा आहे. पण उलटंही लक्षात ठेव. अंग काळं पडलं, ती खाईना, डोळे मिटून मान टाकून बसली, तर श्रावण लागलाय आणि घरात सुरी चालत नाही या सबबीवर तिला महिनाभर कण्हत ठेवू नको. डॉक्टरांकडून शेवट करून घे. बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही.

आता कारणं. खुराड्यात रात्रभर दिवा ठेवतेस, मुंगूस येऊ नये म्हणून. मुंगूस दिवसाचा प्राणी, त्या दिव्याला तो काय भीक घालतो? रत्नागिरीत जूनचा सगळ्यांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडा वर असतो. तुझ्या तलंगांना चोवीस तास उजेड मिळाला. उजेडाने अंडी लवकर सुरू होतात आणि अंगाची हाडं-स्नायू तयार व्हायच्या आत मोठमोठी अंडी येतात. दिवा काढ, दाराला बारीक जाळी लाव.

दुसरं, शिळा भात, नारळाचा चोथा, फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. मायेने घालतेस खरं, पण पोटात चरबी साठते आणि अंड्याची वाट अरुंद होते. तिसरं, चुना. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि स्नायू आवळायलाही तेच लागतं. आपली जांभ्याची जमीन चुन्याला दरिद्री. घाटावरच्या कोंबडीला काळ्या मातीत चुनखडीचे खडे तरी मिळतात, तुझीला परसात उकरून काय मिळणार? कालवांचे, मुळ्यांचे शिंपले धुऊन तव्यावर भाज आणि गव्हाएवढे जाडे कुट, पीठ करू नको. जाड खडे पोटात रात्रभर विरघळत राहतात आणि कवच रात्रीच चढतं. खाद्यात मिसळू नको, करवंटीत वेगळे ठेव. जिला हवेत ती खाईल.

या कोंबडीची अंडी कुठल्याही खुडुकीखाली ठेवू नको, अंग बाहेर येण्याची खोड पिल्लांत उतरू शकते. बरी झाली की दिवसा एकदम सोडू नको. रात्री अंधार पडल्यावर बाकीच्यांच्या शेजारी दांडीवर बसव आणि सकाळी दार उघडताना स्वतः उभी राहा. टोचाटोची दिसली तर परत डालग्यात.

भाट्याच्या खाडीवरून मुळे आणले होते, त्यांचे शिंपले पिशवीत भरून ठेवलेत. पावसला तुझ्याकडे येणाऱ्या एसटीत कुणी ओळखीचं भेटलं की पाठवते.

तुझी,
आत्या