दुकानातून आणलं तसंच

कोल्हापूरला फोनवर सांगितलं की मी पिस्तुलाच्या स्पर्धांना जातो, की पुढचा प्रश्न ठरलेला: "राही सरनोबतसारखं का?" नाही हो. कोल्हापूरची नेमबाज राही 25 मीटरवर एका जागी उभी राहून नेम धरते. आम्ही टेक्सासच्या उन्हात पळतो, आडोशातून डोकावतो आणि घड्याळाशी भांडत पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडतो. यूएसपीएसए या अमेरिकी संघटनेच्या या खेळात माझा गट 'प्रॉडक्शन', म्हणजे कारखान्यातून निघालेलं साधं पिस्तूल. साइट बदला, मुठीला खरखरीत टेप लावा, अशी थोडी मुभा. लाल ठिपक्याची साइट नाही, झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर नाही. माझं ग्लॉक 17 अजून तेच आहे. त्याच्यासोबत शिकलेलं हे थोडंसं.

1. आधी हात तपासा, मग ट्रिगर.
माझ्या गोळ्या सतत खाली डावीकडे जायच्या. 'कंपनीचा ट्रिगर जड आहे' हे माझं निदान. स्क्वॉडमधल्या एका आजोबांनी माझ्या मॅगझिनमध्ये गुपचूप एक खोटं काडतूस मिसळलं. त्याची पाळी आली, मी चाप ओढला. गोळी सुटलीच नाही, तरी नळी पटकन खाली झुकली. पिस्तुलानं झटका दिलाच नव्हता. येणार म्हणून मीच देऊन मोकळा झालो होतो. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

2. सुट्या भागांचे पैसे काडतुसांत घाला.
नव्या ट्रिगरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या गोळ्या आणल्या. शिवाय फुकटचा सराव आहेच: पिस्तूल दोनदा तपासून रिकामं करायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत. पुढच्या साइटमागे स्लाइडवर नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडलं तर चूक कोणाची ते विचारायला नको. रोज दहा मिनिटं पुरतात.

3. घाईचा हिशेब मांडा.
गुण भागिले सेकंद म्हणजे 'हिट फॅक्टर'. प्रॉडक्शनमध्ये लक्ष्यावरच्या 'ए' भागाला 5, 'सी'ला 3, 'डी'ला 1. लक्ष्य चुकलं की 10 वजा. समजा, 12 गोळ्यांची स्टेज, म्हणजे स्पर्धेतली एक फेरी, आहे. सगळ्या 'ए'मध्ये, 12 सेकंदांत: 60 भागिले 12, म्हणजे 5. तीच 10 सेकंदांत उरकली आणि चार गोळ्या 'सी'त गेल्या, तर 52 भागिले 10, म्हणजे 5.2. घाई फळली! पण त्या चारांतली एक पार हुकली, की हातात राहतात 39 गुण, आणि फॅक्टर येतो 3.9 वर. म्हणून पाय पळवा, चाप पळवू नका.

4. गोळ्या मोजूनच पाऊल टाका.
मी सुरुवात केली तेव्हा मॅगझिनमध्ये 10 गोळ्यांची मर्यादा होती. चेंबरमधली एक धरून 11, मग 10, मग 10: झाल्या 31. आणि मोठी स्टेज असते 32 गोळ्यांची! त्या एका गोळीसाठी मी भर स्टेजमध्ये रिकामं पिस्तूल घेऊन उभा राहिलोय. तेव्हापासून मॅगझिन कुठे बदलायचं ते आधी चालून पाहताना ठरवतो: दोन जागांमधल्या वाटेवर, पळता पळता. खाली पडलेलं मॅगझिन वाळू खातं. पुढच्या स्टेजआधी ब्रश फिरवायचा.

5. नळी कुठे बघतेय, हे सगळ्यांत आधी.
नळी कायम गोळीबाराच्या दिशेलाच हवी. 180 अंशांची रेषा ओलांडली की त्या स्पर्धेतून बाद. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे पळत मॅगझिन बदलतो, तेव्हा अंग वळतं आणि अंगाबरोबर नळीही. माझी वळली. "स्टॉप!" ऐकू आलं आणि पोटात गोळा आला. पिस्तूल रिकामं करून बॅगेत गेलं. घरी निघून जावंसं वाटत होतं, पण थांबलो. दिवसभर इतरांच्या लक्ष्यांवरची भोकं पट्ट्या चिकटवून बुजवली आणि प्रत्येकाची नळी बघत राहिलो. डावीकडे पळताना अनुभवी माणसं हात कुठे ठेवतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याआधी मी त्यांची पिस्तुलंच बघत होतो.